खिशात राहिलेली पिशवी

मी पिशवी बोलतेय. बाजारहाटाची नव्हे. कांद्या-बटाट्यांशी माझा कधी संबंध आला नाही. मी पक्ष्यांची पिशवी. समुद्राकाठच्या पक्षी-निरीक्षण केंद्रात भिंतीला खुंट्यांची एक रांग आहे, त्यातल्या दाराजवळच्या खुंटीवर माझं उभं आयुष्य गेलं.

मी मूळची उशीचा अभ्रा. धुऊन धुऊन इतकी विरले की घरात कुणाला नकोशी झाले, आणि नेमकं तसलंच मऊ कापड ताईला हवं होतं. तिने मला शिवलं. शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला घेतली, कारण आत सुटा दोरा राहिला तर पक्ष्याचं नख त्यात अडकतं. तोंडाला नाडी ओवली, दोनदा ओढून बघितली आणि म्हणाली, "झाली कामाला तयार."

ताई केंद्राची सर्वेसर्वा. पगार नाही, हुद्दा नाही, इथे सगळे हौसेने राबणारे स्वयंसेवक. पण दरारा असा की बुटांचा चिखल न झटकता आत यायची कुणाची छाती नव्हती. तिच्यासोबत तिची धाकटी बहीण असायची. तिचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तिचं नाव छोटीच राहिलं. आणि तिसरे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले. ते नोंदी लिहायचे आणि चहा उतू घालवायचे.

उजाडायच्या आत जाळी उघडायची. झुडपांमधून ताणलेली ती जाळी इतकी बारीक, की समुद्र ओलांडून दमून आलेल्या पक्ष्याला ती दिसतच नाहीत. ताई त्याला बोटांनी अलगद सोडवायची, माझ्यात ठेवायची, नाडी ओढायची. खोलीत वजन करायचं, पंख मोजायचा, पायात नंबराची कडी घालायची आणि दारातून सोडून द्यायचं. मधल्या वेळात ओले मोजे हीटरवर वाळत पडायचे आणि उष्ट्या कपांवरून वाद व्हायचे.

"हा कप कुणाचा?" ताई विचारायची.

"ज्याने चहा प्यायला त्याचा," असं मास्तर म्हणायचे आणि कप मात्र छोटी विसळायची. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. समुद्रावरचा इवलासा ठिपका त्यांना बरोब्बर दिसतो आणि नाकासमोरचा कप दिसत नाही.

ताईचे नियम कडक. रिकामी पिशवी उलटी करून टांगायची, म्हणजे कुठे पक्षी राहिलाय का ते नुसतं बघून कळतं. भरलेली पिशवी गळ्यात अडकवा, हातात धरा, पण खिशात कधीही घालू नका. आणि ज्याच्या निष्काळजीपणाने पक्षी दगावला, त्याने त्या मोसमात पुन्हा पक्ष्यांना हात लावायचा नाही. ही शिक्षा कुणाला व्हायची वेळच आली नव्हती.

मग ताईचं काहीतरी बिनसायला लागलं. चहात दोनदा साखर पडायची. किल्ली टेबलावर असायची आणि ती खोलीभर शोधायची. छोटी सांभाळून घ्यायची, "अगं, मीच उचलून ठेवली होती." मास्तर चष्मा पुसत बसायचे. कुणी काही बोलायचं नाही. ताईला काय बोलणार?

त्या सकाळी वारा एकाएकी फिरला. ताईने नुकताच एक पक्षी माझ्यात ठेवला होता. मुठीत मावेल एवढा, पण काळीज असं धडधडत होतं की माझी शिवण थरथरावी. तेवढ्यात जाळ्याचा बांबू कलला. जाळं पडलं असतं तर त्यातल्या बाकीच्यांचे पंख मोडले असते. ताईला दोन्ही हात हवे होते. तिने मला कोटाच्या खिशात सारलं आणि बांबू धरला.

बांबू सावरला. बाकीचे पक्षी सुखरूप निघाले. ताई खूश होऊन खोलीत आली, सगळ्यांचं काम झालं, पिशव्या उलट्या होऊन खुंटीवर गेल्या. एक खुंटी मोकळी होती. एखादी पिशवी धुवायला गेली असेल, असं ज्याला त्याला वाटलं.

मी खिशात होते. वरून कोटाची घडी पडलेली. तो आधी धडपडला, मग थांबला, मग पुन्हा थोडा हलला. मला ओरडायचं होतं. पण मी पडले चिंधी, मला तोंड आहे ते फक्त नाडीने आवळायला. ताई हसत चहा पीत होती आणि तिच्या कमरेपाशी एक जीव थंड पडत होता. ते मी अजून विसरलेले नाही.

दुपारी कोट वाळत घालताना छोटीच्या हाताला मी लागले. तिने नाडी सैल केली, आत बघितलं आणि नाडी पुन्हा ओढली. मग खोलीत येऊन म्हणाली, "ताई, माझ्याकडून एक पिशवी राहिली."

ताई खुर्चीतून उठली. "कुठे राहिली?"

"खिशात."

"खिशात? इतकी वर्षं मी घसा कोरडा केला तो कशासाठी? एवढ्या लांबून आलेला जीव, आणि तू त्याला खिशात मारलंस! या मोसमात तू पक्ष्यांना हात लावायचा नाहीस. बहीण असलीस म्हणून काय झालं?"

"नाही लावणार," छोटी म्हणाली. कोट कुणाचा होता ते मास्तरांनी पाहिलं होतं. ते खाली मान घालून बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ताईने पिशव्या गळ्यात अडकवल्या, मलाही. छोटी दारात उभी होती, तिच्यामागे मास्तर. स्वतःवर आळ घेणं तिला जमलं होतं, पण आता ताई जाळ्यांकडे एकटीच निघाली होती. छोटीने तिचा हात धरला.

"ताई, काल तो कोट तुझा होता."

"माझा कसा असेल? मला आठवलं नसतं?"

ताईने मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"आणि मी तुला एवढं बोलले?"

"बोललीस."

"तू ऐकून का घेतलंस?"

"तू माझी ताई आहेस."

"अगं, मग त्या पक्ष्यांना कोण आहे?" ताई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. तिने एकेक पिशवी गळ्यातून काढून छोटीच्या हातात दिली. मला तेवढं ठेवून घेतलं. "ही माझ्याकडे असू दे."

ती पुन्हा केंद्रावर गेली नाही. आता मी तिच्या घरी, खिडकीजवळच्या खुर्चीत, तिच्या मांडीवर असते. घरातलं बहुतेक सगळं ती विसरली आहे. मास्तर भेटायला आले की त्यांना डॉक्टर समजून जीभ दाखवते. पण मला दोन्ही हातांनी जपून धरते, नाडी ओढलेली आहे ना ते बघते. मी रिकामी आहे हे तिला माहीत नाही.

तुम्ही कधी या घरी आलात, तर तिला ते सांगू नका. खरं बोलायचंच असेल तर माझ्याशी बोला, मी ऐकून घेईन.

कारण रोज कधीतरी तिची बोटं मला चाचपतात, थांबतात, आणि ती घाबरून हाक मारते, "छोटे! लवकर ये! हा हलत नाहीये गं!"

छोटी हातातलं काम टाकून धावत येते. तिच्याजवळ बसते आणि तिचा हात माझ्यावरून हळूच बाजूला घेते.

"सोडला मी त्याला, ताई. आत्ताच."

"नीट उडाला ना?"

"नीट उडाला."