हिराकस आणि आत्याचा उकिरडा

भुईमूग पिवळा पडला तो माझ्यामुळे, हे मला घरातल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं. म्हैस तेवढी बोलली नव्हती, पण बघत होती.

बाबांनी बांधावर उभं राहूनच निकाल दिला. "फुलांच्या आऱ्या शेंगा धरायला मातीत शिरायच्या आत रान हिरवं दिसलं नाही, तर हा तुकडा तुझ्या दाजींना वाट्याने देणार."

"दाजींना शेतीतलं काय कळतं?"

"काही कळत नाही. म्हणून ते काही करत नाहीत. पीक वाचतं."

मी शेतीचा तीन महिन्यांचा वर्ग करून आलो होतो. त्या जोरावर पहिल्याच आठवड्यात आत्याचा दोन वर्षं कुजलेला उकिरडा शेजारच्या मास्तरांना देऊन टाकला, कारण मला परसदार शास्त्रीय हवं होतं. मास्तरांनी तो गुलाबांसाठी नेला. पुढे भुईमुगाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मी वही उघडून लोहाची कमतरता जाहीर केली आणि लोहाराकडचे गंजके खिळे आणून ओळीने पुरले. खिळे उगवले नाहीत. मग हिराकस आणला. हे लोखंडाचं हिरवट मीठ. तो मुठीमुठीने रानात फेकला. आमची जमीन चुनखडीची. चार दिवसांत हिराकसाचा तांबडा गंज झाला आणि पिवळेपणा होता तिथेच राहिला.

शेवटी माती तपासणारे साहेब आले. त्यांनी ढेकळावर आम्लाचे दोन थेंब टाकले. ढेकूळ फसफसलं.

"लोह भरपूर आहे," साहेब म्हणाले, "पण या चुन्यात ते अडकून पडतं, मुळांच्या हाती लागत नाही. कुजलेल्या शेणखतात ह्यूमिक आम्लं असतात. ती लोहाला, जस्ताला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोचवतात. हिराकस जुन्या खतात मुरवून द्या. खत असेलच की घरात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"शहाण्या," आत्या म्हणाली, "परक्या गावात नवा माणूस एकटा धाडलास. चार टवाळ त्याला वेशीतच गाठणार. जाणतं माणूस सोबत नको?"

"पण जाणतं माणूस तर मास्तरांकडे आहे."

"मग जा, घेऊन ये."

मास्तर गुलाबांना पाणी घालत होते.

"मास्तर, ते खत..."

"कुठलं? ती घाण? तिने आजार पसरतो म्हणाला होतास."

"मी असं म्हणालो?"

"चिठ्ठी दिलीस. खाली सही केलीस." त्यांनी खरंच आतून चिठ्ठी आणली आणि ओट्यावरून मोठ्याने वाचून दाखवली. रस्त्यावरचे चार लोक थांबले. मास्तर भले माणूस, अर्धं खत अजून खड्ड्यात होतं ते देतो म्हणाले. अट एकच. गाडी आणायची नाही, चाकांखाली गुलाब येतात.

मग अकरा पाट्या, डोक्यावरून, भर रस्त्याने. शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "काय रे, आजार माघारी चाललाय?" सातव्या पाटीला त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकालाही बाहेर बोलावलं.

आत्याने खताचा थर दिला, वर हिराकस, पुन्हा खत, पाण्याचा शिपका, वरून ओलं गोणपाट. दहा दिवस मी त्याला हातही लावायचा नव्हता. हे काम मला जमलं. त्या दहा दिवसांत भुईमुगाला फुलं आली आणि दाजी दोनदा बांधावरून चक्कर मारून गेले.

अकराव्या दिवशी आत्या, आई आणि मी ओळीओळीने बसून मुळाशी मूठ मूठ काळं खत देत गेलो आणि पाणी सोडलं. रोज उजाडताच मी पानं बघायचो. आठवड्याने शेंड्याची नवी पानं हिरवी निघाली. जुनी तशीच राहिली, पण नव्यांनी रान झाकून टाकलं. फुलांच्या आऱ्या नुकत्या खाली वळत होत्या.

दुसऱ्याच दिवशी दाजी मोजायची दोरी घेऊन आले. रान बघून म्हणाले, "आता मी काय करू?"

"चहा घ्या आणि जा," बाबा म्हणाले. दाजींना इतकं हलकं वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग बाबा माझ्याकडे वळले. "तुकडा तुझ्याकडेच ठेव. वर्षभरात काही नवं सुचलं तर आधी आत्याला विचार. नाहीच सुचलं, तर फारच उत्तम."

बाबांनी माझ्याकडून एवढी मोठी अपेक्षा पहिल्यांदाच ठेवली होती.