सुगंधाचे गाऱ्हाणे

"भात कमी करा यांचा," डॉक्टर भिकाजीला म्हणाले. "किनाऱ्यावरची माणसं तुम्ही, तिन्ही त्रिकाळ भात. पोट सुटणार नाही तर काय होणार?"

स्टुलावर बसलेल्या सुगंधाने पदर ओढून पोट झाकले. वस्तुतः कित्येक दिवस झाले, दोन घासांपलीकडे तिला भात जात नव्हता. हात काटकुळे झाले होते, गळ्याची हाडे वर आली होती आणि पोट तेवढे पुढे पुढे येत होते. तथापि ती किती जेवते, हे तिला अद्याप कोणी विचारले नव्हते. डॉक्टर जे काही विचारत होते, ते तिच्या नवऱ्याला.

आणि भिकाजी उत्तर देत होता, कारण दुसऱ्यांच्या वतीने बोलणे हा त्याचा मानच होता. गावच्या देवळात गाऱ्हाणे घालायचे ते त्याच्या परब घराण्याने, आणि परबांत आवाज भिकाजीचा. कोणाचे लग्न अडले, कोणाची होडी रिकामी परतली, की माणसे नारळ घेऊन त्याच्या मागे उभी राहत. बायका तर त्याहून मागे, हात जोडून, मुकाट. त्यांचे मागणेही तोच मांडी. गाऱ्हाण्यात दुखण्याचे नाव उघड घ्यायचे नाही. नाव घेतले की दुखणे अंगात घर करते, अशी त्या गावची समजूत. 'काय बारीकसारीक आसात, ता दूर कर रे महाराजा,' एवढे म्हणायचे. उरलेले देव जाणतो.

डॉक्टरांपुढेही तो तसाच, किंचित वाकून, बोलला होता. "हिला काही बारीकसारीक त्रास असतो, साहेब. आपण जाणताच."

डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्या संपल्या, पोट वाढतच राहिले. पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेली, तेव्हा मात्र सुगंधा स्वतः बोलली.

"पोट जड जाता, पाणी भरल्यासारका. जेवाण जाणा नाय. आणि..." तिने पदर पोटावर ओढला. "मधीच अंगावरून जाता."

डॉक्टर हसले आणि भिकाजीकडे वळले. "पाळी जाण्याचं वय आहे यांचं. या वयात सगळ्याच बायकांना असं होतं. घरात काही टेन्शन?"

"तसं काही नाही, साहेब. मुलगी मुंबईला असते."

"मग तेच. एकटं वाटत असेल. यांचं मन कशात तरी रमवा."

या खेपेस ताकदीच्या गोळ्या मिळाल्या, आणि रात्री झोप लागण्याची एक. पोटाला हात लावून पाहावे, असे त्यांना याही वेळी वाटले नाही.

रस्त्यावर आल्यावर भिकाजी म्हणाला, "अंगावरचा कित्याक सांगलंस गो? परक्या पुरुषाक?"

"डॉक्टर मा ते?"

"तेंका कळता सगळा."

सुगंधाच्या चपलेत वाळूचा खडा गेला होता, तो काढायला तिला वाकता येईना. ती तशीच चालत राहिली.

मालवणच्या मासळी बाजारात तिच्या शेजारी अनुजा बसे. जिभेला हाड नसलेली बाई. एके सकाळी टोपली उतरवताना ती मोठ्याने म्हणाली, "सुगंधा गो, ह्या वयात पाळणो बांधतंस की काय?"

"बांधतंय. तू ये ढकलूक."

बाजार हसला. अनुजानेही हसत हसत तिच्या पोटाला हात लावला आणि हात तसाच ठेवला. तिचे हसू ओसरले.

"गो बाय, ह्या दगडासारका लागता. भिकाजीक सांग, गोव्याच्या इस्पितळात ने म्हणान. नाय नेल्यान तर मी नेतंय."

तेव्हा ते गोव्याला गेले. तेथे पोटाची सोनोग्राफी झाली आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावले. भिकाजीने घसा खाकरला. "हिला जरा बारीकसारीक..."

"तुम्ही बाहेर बसा," बाई म्हणाल्या. मग सुगंधाकडे वळून आपल्या कोकणीत, "तूं सांग, बाये."

सुगंधा दाराकडे पाहत राहिली. आपले दुखणे कोठून सुरू करावे, हे तिला समजेना. मग तिने सुरुवातीपासून सांगितले: न जाणारे जेवण, अंगावरचे जाणे, आणि परकराची नाडी पुरेनाशी झाल्यावर तिला जोडलेला जाळ्याच्या दोरीचा तुकडा. बाईंनी तिला निजवून पोट चाचपले.

"आदीं कोणाक दाखयलें ना?"

"दाखयला. दोनदा."

बाईंनी सोनोग्राफीचा कागद खाली ठेवला आणि बाहेर बसलेल्या भिकाजीला बोलवायला दाराकडे हात केला. "घोवाक आपोवं?"

"नको. माकाच सांगा."

त्यांनी तिला सांगितले. रोग अंडाशयात सुरू झाला होता आणि आता पोटभर पसरला होता. आधी कळते, तर शस्त्रक्रियेने पुष्कळ साधले असते. आता प्रथम औषधे द्यायची, मग पाहायचे. सोमवारी भरती व्हायचे. सुगंधाला रडू आले नाही. एवढेच वाटले की, आपण खोटे बोलत नव्हतो.

ती बाहेर आली, तसा भिकाजी बाकावरून उठला. "काय म्हणाली?"

"कॅन्सर."

त्याने दचकून आजूबाजूला पाहिले. "हळू बोल गो. नाव घेव नको."

"तू नाव घेतलंस नाय, म्हणान ता गेला काय?"

तिच्या स्वरात राग नव्हता. गावाचे गाऱ्हाणे घालणारा तो माणूस उघड्या तोंडाने उभा राहिला आणि त्या तोंडातून शब्द म्हणून निघाला नाही.

संध्याकाळच्या एसटीत त्यांना शेजारी शेजारी जागा मिळाली. कंडक्टर आला. "कुठे जायचं?"

भिकाजीचे ओठ हलले. कंडक्टरने पुन्हा विचारले.

"दोन मालवण," सुगंधा म्हणाली.

तिने तिकिटे घेऊन पदराच्या टोकाला बांधली. गाडीने वेग घेतला, तसा वारा आत येऊ लागला. वारा लागला की भिकाजीचा घसा बसत असे. सुगंधाने पोट सावरून हात लांब केला आणि त्याच्या बाजूची काच ओढून घेतली.