रौहियाच्या वाटणीचं अंडं

हज्जा नफूसाने चहाची किटली शेगडीवरून उतरवली तेव्हा बालवाडीच्या ओसरीवर एकतीस पोरं मांडी घालून बसली होती. पुढच्या चटईवर मुलगे, मागच्या चटईवर मुली. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पाणी जसं उताराकडे जातं, तशी ती आपोआप बसत. नफूसाने उन्हात फुगवून भाजलेला शम्सी पाव मोडून वाडग्यांत टाकला आणि वर साखरेने दाट झालेला काळा चहा ओतला. रविवार हा अंड्यांचा दिवस. टोपलीत सोळा अंडी, पुढच्या चटईवर पंधरा पोरं. उरलेलं एक तिने चिरून मागे दिलं. ज्या हाताला लागेल त्याला.

किना शहराजवळच्या त्या गावात हजला जाऊन आलेल्या बायका मोजक्याच. बालवाडीत रांधणारी नफूसा त्यांतली एक, म्हणून हज्जा, आणि तिचा शब्द तिच्या पळीइतकाच जड.

"हज्जा, भिंतीवरचा तक्ता पाहिलात का?" कौसरबाईंनी विचारलं. शहरातून नव्याने आलेली ही तरुण शिक्षिका. नफूसाला सहीपुरतंच लिहिता येतं हे ओळखून तिने तक्त्यावर चित्रंच काढली होती. रविवारी प्रत्येकाला अर्धं अंडं, बाकल्याच्या दाण्यांची उसळ, संत्र्याच्या फोडी. सोमवारी मसूर आणि घोळीची भाजी. मधल्या वेळी दूध-खजूर. अगदी खाली किटली, आणि किटलीवर लाल काट.

"चित्रं झकास आहेत. काट मात्र माझ्या नाकावर मारल्यासारखी दिसते."

"चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हज्जा. पोरांना रक्त होत नाही. आणि अंडं अर्धं का असेना, मुलींनाही मिळू दे."

"ऐक पोरी. मुलगा म्हणजे घराचा खांब. खांबाला दगड-चुना लागतो. मुली वाऱ्यावर वाढतात. माझी सहा लेकरं याच चहा-पावावर मोठी झाली."

"तुम्हाला नऊ झाली होती ना?"

"तीन अल्लाने नेली."

कौसरबाईंनी विचारलं, "त्या तिघी मुली होत्या?"

"मसूर करपतोय," नफूसा म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली. शेगडीवर मसूर नव्हता.

मागच्या चटईवर नफूसाची नात बसे. रौहिया, पाच वर्षांची, सुनेची धाकटी. कमी बोलायची, लवकर दमायची. त्या दिवशी कौसरबाईंनी स्वतःच्या डब्यातलं अख्खं अंडं तिच्या हातात ठेवलं. रौहियाने ते बाहीत सरकवलं, घरी नेलं आणि शाळेतून आलेल्या आठ वर्षांच्या भावापुढे धरलं.

"रिफाई, तुला."

नफूसाने ते पाहिलं आणि तिचं काळीज सुपाएवढं झालं. तिने नातीला मांडीवर घेतलं, दारातून जाणाऱ्या शेजारणीला हाक मारली. "बघ गं, याला म्हणतात घराण्याची लेक! स्वतः उपाशी राहील, पण भावाचं आधी बघेल. शहाणी आहे माझी रौहिया."

रौहियाचा फिकट चेहरा उजळला. तिला घरात कुणी कधी एवढं नावाजलं नव्हतं. त्या दिवसापासून कौसरबाईंनी दिलेलं प्रत्येक अंडं बाहीतून घरी येऊ लागलं, आणि आजीचा हात रोज तिच्या डोक्यावरून फिरू लागला.

महिन्याभरात रौहिया माती खाऊ लागली. अंगणातल्या भट्टीची भिंत ती नखांनी खरवडी आणि बोटं चाटी. नफूसाने आधी कान पिरगाळला, मग भिंतीला तिखट फासलं. पोरगी तिखटासकट चाटू लागली.

कौसरबाई घरी आल्या. त्यांनी रौहियाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली. "आत बघा, हज्जा. लाली कुठं आहे? कागदासारखं पांढरं आहे. हिला दवाखान्यात न्या, रक्त तपासा."

"आमच्या घरच्या पोरी गोऱ्याच," नफूसा म्हणाली. "ऊसतोड चालू आहे. गडीमाणसं शेतात. उरकलं की नेऊ."

रौहियाची आई, सून सनिया, दाराआड उभी होती. तिने एकदा सासूकडे पाहिलं आणि पदराचं टोक दातांत धरलं. त्या घरात सुनेचं तोंड फक्त जेवायला उघडे, तेही सगळ्यांच्या मागून.

ऊसतोड उरकायच्या आत थंडी आली. रौहिया खोकू लागली. तिसऱ्या दिवशी तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलायला लागल्या, तेव्हा ट्रॅक्टर ऊस तिथेच टाकून किना शहराकडे धावला. इस्पितळातला डॉक्टर नफूसाच्या मुलाच्या वयाचा होता. नफूसाच्या नजरेला नजर न देता तो म्हणाला, "छातीचा हा आजार इतर पोरं निभावून नेतात, हज्जा. हिच्या अंगात लढायला रक्तच नव्हतं. काय खायला घालत होता तिला?"

नफूसाने पोरीची बाही मनगटापर्यंत सरळ केली.

पोरीला मातीत ठेवून माणसं परतली. बायका दाटीने बसल्या. रिफाई भट्टीजवळ एकटाच बसून होता. नफूसाने त्याला जवळ ओढलं, त्याच्यापुढे अंडं आणि पाव ठेवला. "खा रे राजा. दोन दिवस पोटात काही नाही तुझ्या."

पोराने ताट बाजूला सारलं. "मला अंडं आवडत नाही, आजी. कधीच नाही आवडत."

"काय बोलतोस? रोज तर खायचास तिच्या हातचं."

"मी कुत्रीला घालायचो." तो हुंदके द्यायला लागला. "मी तिला म्हटलं होतं, तूच खा. तर ती म्हणायची, नको, आणि आजीला सांगू नकोस हं. मग आजी मला शहाणी म्हणणार नाही."

बाहेर ती काळी कुत्री ओट्याखाली झोपली होती. केस तुळतुळीत, अंग भरलेलं. नफूसाने तिच्याकडे पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला.

रात्री तिला आपल्या तिघी आठवल्या. फहिमा, वरदा आणि नाव ठेवायच्या आधीच गेलेली ती. तिघींनाही तिने चहात पाव बुडवूनच भरवला होता, याच हाताने.

गुरुवारी मृताच्या नावाने कबरीवर पोरांना खाऊ वाटायचा. गावात संत्री आणि तुपातल्या पोळ्या वाटतात. नफूसा अंड्यांची टोपली घेऊन आली. कौसरबाई कडेला उभ्या होत्या. दोघींची नजर भेटली. "किटली मी कालव्यात टाकली," नफूसा एवढंच म्हणाली.

पोरं धावत आली. मुलगे पुढे.

"थांबा," नफूसा म्हणाली. "एका ओळीत बसा. एक मुलगी, एक मुलगा."

एक म्हातारी पुटपुटली, "हज्जा, आधी मुलग्यांना दे. दुःखानं भान गेलंय तुझं."

"भान आत्ता आलंय, बाई. आणायला नात लागली."

ती एकेक अंडं सोलून हातात देऊ लागली. "खा. इथंच. माझ्यासमोर." ओळीच्या शेवटी चार वर्षांची हनिया होती. शेजारी तिचा भाऊ. त्याच्या हातात त्याचं अंडं होतंच. हनियाने आपलं अंडं घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच बाहीत सरकवलं.

नफूसा तिच्यापुढे मातीत बसली. "कुणासाठी ठेवलंस, बाळ?"

"भावाला."

मागून तिच्या आईने कौतुकाने म्हटलं, "शहाणी आहे हो माझी हनिया."

"तसं म्हणू नकोस तिला," नफूसा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण सगळ्या बायकांना ऐकू गेला. "याच शब्दाने मी माझी नात पुरली. ही बघ, इथं आहे."

तिने पोरीच्या बाहीतून अंडं काढलं, मोडलं आणि पिवळा घास तिच्या ओठांशी नेला. हनियाने तोंड उघडलं. घास आत गेला. पण ती चावेना. गाल फुगवून ती नफूसाच्या खांद्यावरून आपल्या आईकडे बघत राहिली, गिळू का, म्हणून विचारत.

नफूसा हात जोडून त्या आईकडे वळली. "गिळ म्हण तिला."