भाकितात नसलेली घंटा

साल एकोणीसशे ब्याण्णव. त्या वर्षी मावशीच्या लेकीला मुलगी झाली, आणि लेक राहायला होती आठव्या मजल्यावर.

मावशी शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला मावशीच म्हणे. गुडघे कामातून गेल्यामुळे जिना तिच्या नशिबी नव्हता. आणि लिफ्टचं दार मिटलं की छाती अशी धडधडे, की आता काही आपलं खरं नाही. त्यामुळे आजी-नातीची भेट व्हायची ती इमारतीखालच्या बाकावर. पण महिन्याभरात लेकीची रजा संपत होती.

"आई, तू रोज वर येणार असशील तर मी कामावर जाते. नाहीतर राजीनामा देते. दुसऱ्या कुणाकडे बाळ ठेवायला माझं मन घेत नाही," लेक म्हणाली. रागावून नाही, आणि तेच मावशीला जास्त लागलं.

तिने ते मंगळवारच्या बैठकीत सांगितलं. दवाखान्यामागच्या खोलीत भित्र्या जिवांची एक मंडळी जमत असे. सुरुवातीला एक नर्सबाई बैठक घ्यायच्या. मग एक दिवस त्यांनी खोलीची किल्ली यांच्याच हातात दिली. "आता तुमचं तुम्ही चालवा. अडलात तर मी शेजारीच आहे." तेव्हापासून पाळीपाळीने एकेकजण बैठक चालवी. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. प्रत्येकाला दाराजवळची खुर्ची हवी असायची, त्यामुळे दारात ही गर्दी आणि आतली अर्धी खोली ओस.

त्यांची एक रीत होती. भीती वाटणारं काहीही करायच्या आधी, काय काय वाईट होणार याचं भाकीत सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. करून आलं की त्यातलं किती खरं झालं तेही सांगायचं. निवृत्त मास्तरांना टेलिफोनची धास्ती. "फोन केला तर समोरचा हसेल," हे त्यांचं भाकीत. समोरच्याने त्यांना जेवायला बोलावलं. न्हाव्याला वाटे, गिऱ्हाईक बघत असलं की आपला हात थरथरणार. हात थरथरला, पण गिऱ्हाईक खुर्चीतच घोरत होतं. बँकेतल्या बाई कुलूप लावलं का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत फिरत, म्हणून त्यांचं नाव पडलं कुलूपताई.

"मावशी, तुमचं भाकीत?" मास्तरांनी विचारलं.

"दार उघडणारच नाही. श्वास कोंडेल. मी चारचौघांत भोकाड पसरीन."

"आणि भीती चढली की काय करायचं?"

"पळायचं नाही. ती उतरेपर्यंत थांबायचं. श्वास हळू सोडायचा. मी मनात मशीन चालवते. पायडल हळू मारलं की श्वासही हळू होतो."

महिनाभर सराव चालला. आधी नुसतं लिफ्टसमोर उभं राहणं, मग दार उघडं ठेवून आत, मग मास्तरांबरोबर एक मजला. तेवढ्यानेही मावशीचा पदर घामाने भिजे. पण उतरल्यावर ती हसायची.

लेक कामावर जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, आठव्या मजल्यापर्यंत जायचं ठरलं. सोबत म्हणून सगळी मंडळी लोटली. मावशी आत शिरली, मागून मास्तर, कुलूपताई, न्हावी आणि उरलेले सगळे. दार मिटेना. वर दिवा लागला आणि घंटा कर्कश वाजू लागली. भाकितात वजन कुणीच धरलं नव्हतं.

"कुणीतरी उतरा," मास्तर म्हणाले.

कुणी हललं नाही.

"मास्तर, तुम्हीच उतरा की."

"मी फक्त तिला धीर द्यायला आलोय."

"मग मी काय गंमत बघायला आलोय?" न्हावी म्हणाला. "मी उतरलो तर मंगळवारी तुम्हीच म्हणाल, पळाला."

"मी तर नाहीच उतरणार," कुलूपताई म्हणाल्या. "घराचं कुलूप एकदाच बघून आलेय आज. वाया घालवू का?"

घंटा वाजतच होती. मावशी मधोमध चेपलेली, आणि तिला हसू आवरेना. भोकाड पसरायचं ते बाजूलाच राहिलं, हसूनच डोळ्यांना पाणी आलं.

"चला, सगळे बाहेर," ती म्हणाली. "तुमच्या धीराचंच ओझं झालंय. माझी मी जाते."

एकेकजण मुकाट्याने उतरला. घंटा थांबली आणि दार मिटलं.

तिसऱ्या मजल्याच्या आसपास भीती आलीच, नेहमीसारखी, न विचारता. मावशीने भिंतीला पाठ टेकली आणि उजवा पाय हलवू लागली. हळू, जाड कापडावर टीप घालताना हलवतात तसा. भीती चढली, घोटाळत राहिली, मग ओसरू लागली. दार उघडलं तेव्हा पाय अजून चालूच होता.

समोर लेक, कडेवर बाळ. "एकटी?" लेकीने तिच्यामागे लिफ्टमध्ये डोकावून पाहिलं.

"बाकीचे वजनात बसले नाहीत," मावशी म्हणाली आणि तिने हात पुढे केले.

सोमवारी लेक कामावर गेली आणि पुढे त्याच ठिकाणी साहेबीण झाली. मास्तरांना फोनचा असा नाद लागला, की घंटी वाजली की लोक म्हणायचे, मी घरी नाही म्हणून सांग. ते वारले त्या सकाळीही त्यांनी कुणाशी तरी फोनवर बोलून घेतलं होतं. न्हाव्याचा हात अधूनमधून थरथरतोच, पण मावशीच्या नातीचे केस वर्षानुवर्षं त्यानेच कापले. कुलूपताईंकडे बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या आल्या. त्या कुलूप एकदाच ओढून बघत. नर्सबाई निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या. खोलीत बैठक अजून भरते. दाराजवळ आता एकच खुर्ची असते, नव्याने येणाऱ्यासाठी.

नात मोठी झाली. ती जिन्यानेच चढते. लिफ्टची वाट बघायला तिला धीर नाही. मावशी मात्र लिफ्टनेच जायची, अगदी शेवटपर्यंत, आणि दार मिटलं की तिचा उजवा पाय हळूच हलायला लागायचा.