गाळलेलं ध्रुवपद

पाववालीच्या बेकरीत भिंतीवर घड्याळ नव्हतं. पिठाने काटे अडकतात, असं तिचे वडील म्हणायचे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एक प्रार्थना रचली होती : आठ कडवी, आणि प्रत्येक कडव्यानंतर दोनदा ध्रुवपद. कणीक काथवटीत घेतली की गायला लागायचं, ‘आमेन’ आलं की मळणं पुरं. वडील गेले, काथवट थोरल्या लेकीकडे आली, आणि तीस वर्षं गल्लीत कुणी तिच्या पावाला नाव ठेवलं नाही.

गेला दीड महिना मात्र पाव रुसला होता. भट्टीत ऐटीत जायचा आणि तोंड पाडून बाहेर यायचा. गिऱ्हाइकं आधी भिडेपोटी गप्प बसली. मग शाळेतल्या बाई म्हणाल्या, “मावशी, कालच्या पावाने आमच्या ह्यांचा दात हलला हो.” समोरचा बूटदुरुस्तीवाला तर सरळ म्हणाला, “दोन जास्तीचे ठेवा. टाचेला बसवून बघतो.”

तिने खमीर बदललं, पीठ बदललं, भट्टी आतून खरवडून काढली. काही उपयोग नाही. “माझे हातच गेले,” ती नवऱ्याला म्हणाली. “येता रविवार शेवटचा. नाही फुगला, तर भट्टी विझवायची ती कायमची.” बोलताना तिचा आवाज चिरकला. रोज पहाटे ती त्या प्रार्थनेत देवाला एकच गोष्ट मागत होती : माझ्या हातातली कला परत दे. आणि देव जणू कानात बोळे घालून बसला होता.

नवरा मागच्या अंगणात तिच्या गाण्याच्या तालावर दाढी करायचा. ‘आमेन’ झालं की जड काथवट उचलायला त्याला हाक यायची. “अगं, हल्ली तू मला अर्ध्या दाढीवरच बोलावतेस,” तो कुरकुरला.

“तुमचाच हात जड झालाय.”

“म्हणजे घरातले चारही हात गेले म्हणायचे!”

त्या शनिवारी पहाटे पाळकबाबा आले. ते उपदेश कधी बोलत नसत, गात असत. मंडळीच्या सभेची वेळसुद्धा चालीवर सांगत, त्यामुळे ती कुणी विसरत नसे. दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनासाठी पाव सांगायला ते आले होते. आतून गाणं ऐकू आलं तसे ते दुकानातल्या बाकावर बसले आणि रिकाम्या डब्यावर ठेका धरून तिच्या सुरात सूर मिसळू लागले. पहिलं कडवं दोघांनी झोकात म्हटलं. मग पाळकबाबांनी डोळे मिटून ध्रुवपद उचललं,

“सोडिले मी, देवबापा, दुखविले ज्यांनी मला...”

आणि आतून पाववालीने दुसरं कडवं सुरू केलं.

दोन्ही ओळी एकमेकींवर आदळल्या. “माझंच चुकलं असेल, वय झालं,” म्हणत बाबांनी पुन्हा ठेका धरला. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा तेच. आता ते आत आले.

“पोरी, ध्रुवपद कुठे गेलं?”

ती खाली मान घालून मळतच राहिली. नवरा फेसाळलेल्या तोंडाने दारात येऊन उभा राहिला. त्याने बोटांवर हिशेब केला : आठ वेळा, दोनदोनदा. “अगं बाई! म्हणजे जवळजवळ निम्मं मळणंच गेलं की! कणीक कच्ची राहतेय, म्हणून पाव बसतोय! तरीच माझी दाढी...”

“तुमची दाढी घाला चुलीत!” ती ओरडली आणि कणकेतच हात रोवून उभी राहिली.

ती विसरली नव्हती. कुठल्या दिवसापासून गाळलं, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. आई चार महिने अंथरुणाला खिळली होती. चार गल्ल्या सोडून राहणारी धाकटी बहीण एकदाही फिरकली नाही. आणि अंत्यविधीला आली ती पुढे उभी राहून असं गायली, की सगळी मंडळी रडली आणि बाहेर पडताना म्हणाली, ‘काय माया हो धाकटीची!’ दुसऱ्या दिवशी पहाटे ध्रुवपद पाववालीच्या तोंडातून निघेना. मग तिने ते ओलांडलं. रोजच ओलांडत गेली.

हे सगळं तिने तुटक तुटक सांगितलं. पाळकबाबांनी उपदेश पहिल्यांदाच गायला नाही, नुसता सांगितला. “देवाशी बोलताना मधलं पान फाडून बोलतेस तू. त्याला कळत नसेल असं वाटलं?”

“बरं, म्हणून टाकते. झालं?”

“म्हण की.”

तिने तोंड उघडलं. ‘सोडिले मी’पर्यंत आली आणि थांबली. “खोटं कसं गाऊ, बाबा?”

“मग खरं करून ये.”

“आणि कणीक?”

“आम्ही दोघे आहोत ना,” बाबा बाह्या सारत म्हणाले. त्यांच्या तोंडात चार दात होते आणि नवऱ्याच्या गालावर निम्मी दाढी. त्या दोघांच्या भरवशावर तीस वर्षांची काथवट सोडून ती निघाली.

धाकटीने धुण्या-इस्त्रीचं दुकान त्या सकाळी नुकतंच उघडलं होतं. वाटेत पाववालीने मनातल्या मनात तीनदा भांडण केलं आणि तिन्ही वेळा स्वतःच जिंकली. दुकानाच्या पायरीशी थांबून ती पुटपुटली, “देवबापा, मला जमत नाही. तूच सोडव.” आणि आत गेली.

“ताई?” धाकटीच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. “आणि हाताला ही कणीक! ती चादर आत्ताच... हात लावू नकोस!”

“मी तुला माफ केलंय.”

“मी मागितली कुठे माफी?”

“नाही मागितलीस, म्हणून तर सांगायला यावं लागलं! तू मागेपर्यंत थांबले, तर माझ्या गळ्यात अडकून बसेल ते.”

धाकटीने इस्त्री उभी ठेवली. ती चादरीची नीट असलेली घडी पुन्हा नीट करत राहिली. “तीनदा दारापर्यंत आले होते गं,” शेवटी ती म्हणाली. “आईचं कण्हणं रस्त्यापर्यंत यायचं. मी पळून जायचे. आणि गायले ते... आईला ऐकवायचं राहिलं होतं म्हणून गायले.”

“मला एकटीला टाकलंस तू.”

“टाकलं.”

“फार राग आला होता.”

“यायलाच हवा.” धाकटीचे डोळे भरले. “चुकलं गं माझं.”

पाववालीने ती चादरबिदर न बघता तिला कवेत घेतलं. धाकटीच्या पाठीवर पिठाच्या दहाही बोटांचे ठसे उमटले.

दोघी बेकरीत आल्या, तेव्हा आत गोंधळ चालू होता. बाबा गाता गाता दर कडव्याला एक दृष्टान्त जोडत होते आणि नवरा घामाघूम होऊन विचारत होता, “बाबा, अजून किती अध्याय?” पाववालीने दोघांनाही बाजूला सारलं. ती कणीक मळून मळून चिवट झाली होती. ती तिने झाकून ठेवली, ताजं पीठ काथवटीत घेतलं, आणि दोन्ही बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या.

पहिल्या कडव्यानंतर तिने श्वास घेतला आणि ध्रुवपद उचललं. आवाज कापत होता, पण ओळ पुरी झाली. दुसऱ्यांदा म्हणताना धाकटी खालच्या सुरात साथीला आली. तिसऱ्या कडव्याला जुना राग पुन्हा थोडा वर आला, तशी तिने ती ओळ तिथे दोनाऐवजी चारदा म्हटली.

त्या दिवशीचा पाव भट्टीतून वर उठून बाहेर आला, सोनेरी आणि हलका. पाववालीने पहिला फोडला, हुंगला, आणि तोंडाला पदर लावून रडता रडता हसली. तिचे हात कुठेच गेले नव्हते. तिने एक तुकडा बाबांना दिला, एक नवऱ्याला. धाकटीने न विचारताच दोन अख्खे उचलले.

“उद्या येऊ का गं मळायला?” दारातून तिने विचारलं.

“ये. पण हात धुऊन ये, साबणाचा वास येतो तुझ्या हातांना.”

“आणि तू दम राखून गा. सहाव्या कडव्याला धापा टाकत होतीस.”

“चल निघ!” पाववाली म्हणाली, आणि तिसरा पाव तिच्या पिशवीत कोंबला.