नादसाहेबांचा क्रँकशाफ्ट

शनिवारी नादसाहेबांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. गॅरेजवाले, गाड्या पळवणारे, त्यांचे मित्र आणि नुसतेच बघे, सगळे माना वर करून उभे. छताच्या हुकाला दोरीनं एक क्रँकशाफ्ट टांगलेला असतो. पिस्टनच्या वरखाली धावण्याचं फिरणं करून देणारा हा वाकडातिकडा दांडा म्हणजे इंजिनाचा कणाच. कणा मोडला की इंजिन संपलं.

"श्वाससुद्धा हळू घ्या!" नादसाहेबांनी बजावलं आणि तांब्याच्या हातोडीनं शाफ्टला हलकेच टोला दिला.

टण्ण्ण्... आवाज थांबता थांबेना. काहींनी डोळे मिटले. एका गॅरेजवाल्यानं चक्क हात जोडले.

"हा सातासमुद्रापलीकडचा सूर! तिकडचं पोलाद जन्मतःच गातं, मंडळी. आता हा आपल्याकडचा माल ऐका." बाकावर गोणपाटाच्या घडीवर दुसरा शाफ्ट आडवा ठेवला होता. त्यावर हातोडी पडली. ठप्प. दुकानात हशा पिकला. "मुका! आणि मुका तो तुटका, लक्षात ठेवा!"

"साहेब, हा गाणारा नेमका कुठल्या देशाचा?" कोणीतरी विचारलं.

"देशाचं नाव मी घेत नसतो. ज्याला कान आहेत त्याला सूर सांगतो."

नाव घेत नाही म्हणजे घ्यायला नाव नाही, एवढं मला कळत होतं. मी विम्यासाठी मोडक्या गाड्या तपासतो. मोडलेलं बघून बघून माणसाचा चमत्कारांवरचा विश्वास उडतो. पण मीही तिथे गप्पच उभा होतो, कारण पहिल्या रांगेत डोळे मिटून माझी भाची उभी होती. तिच्या पायाशी नव्या गाणाऱ्या शाफ्टचं खोकं होतं. पुढच्या रविवारच्या घाटातल्या शर्यतीसाठी तो तिच्या इंजिनात बसणार होता.

दुपारी ताईकडे जेवताना मी नादसाहेबांची हुबेहूब नक्कल केली. ताई तंत्रशाळेत यंत्रं शिकवते. ती हसेल असं वाटलं होतं, पण तिचा घास हातातच राहिला.

"टांगून वाजवतो?" तिनं विचारलं. "तेल पुसून?"

"हो. आणि लोक माना डोलावतात."

"ते मी शिकवलंय त्याला. शाफ्ट टांगायचा, पुसायचा, ठोकायचा. आत मोठा तडा असला तर आवाज बसका येतो. जुन्या कारागिरांची साधी परीक्षा आहे ती. तडा कळतो, बस्स. देश कसला कळतोय डोंबलाचा!"

भाचीचा चेहरा उतरला. "आई, लहानपणी तूच मला असं वाजवून दाखवायचीस ना? ऐक, हा चांगला आहे, म्हणायचीस. नाहीतर मी त्या माणसावर विश्वास ठेवला असता का?"

ताईला ते फार लागलं. नादसाहेब तिचा लाडका विद्यार्थी. दुकानाचं उद्घाटन तिनंच केलं होतं आणि तो फोटो तिथे गल्ल्यामागे लावलेला आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्याकडचा शाफ्ट बसवलेल्या एका पोराचं इंजिन वळणावर जाम झालं, गाडी कठड्याला धडकली. अजून त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. ती मोडकी गाडी मीच तपासली होती आणि शाफ्टचे दोन तुकडे झाल्याचं ताईला सांगितलंही होतं.

"मला तेव्हाच शंका आली होती," ती खाली मान घालून म्हणाली. "पण माझा विद्यार्थी, माझा फोटो... विचारायची लाज वाटली रे. म्हटलं, आपल्याला काय करायचंय."

ताट तसंच ठेवून ती उठली, हात धुतले आणि चपला घातल्या. "खोकं घे. संध्याकाळचा खेळ सुरू व्हायच्या आत पोचू."

"या बाई, या!" नादसाहेब गर्दीतून वाट काढत आले. "मंडळी, मला हा कान ज्यांनी दिला त्या याच!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"तो मुका जरा वर टांग," ती म्हणाली. "आणि गाणारा खाली गोणपाटावर ठेव."

"छे, छे! सुराचा अपमान होतो, बाई."

"अहो, टांगू द्या की!" हात जोडणारा गॅरेजवालाच पुढे सरसावला. दोघातिघांनी मिळून शाफ्टची अदलाबदल केली. गॅरेजवाल्यानं स्वतः हातोडी घेतली. मुका छान घणघणला आणि गाणारा ठप्प झाला. कोणीतरी मागून म्हणालं, "आयला!"

"घंटा मुठीत घट्ट धरून वाजवा, वाजते का?" ताई म्हणाली. "गोणपाट आवाज खातं. एवढीच जादू."

पण नादसाहेब कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "दोन्ही गायले, म्हणजे दोन्ही उत्तम! माझं काय चुकलं?"

"चांगलं ओतलेलं लोखंडही असंच गातं." ताईनं भाचीचं खोकं उघडलं. शाफ्टच्या खडबडीत कडेवर जाड काळा रंग होता. तो तिनं किल्लीनं खरवडला. खाली दोऱ्यासारखी बारीक उभी रेघ दिसली. "साच्याचे दोन भाग मिळतात तिथली ही रेघ. म्हणजे हा ओतीव. पोलाद घणाखाली घडवलं की बाहेर आलेली कड छाटावी लागते, तिथे बोटभर रुंद पट्टा राहतो. तो इथे नाही. साध्या गाडीत हा जन्मभर चालेल. शर्यतीच्या इंजिनात मात्र पिळवटून तुटेल."

"म्हणजे इथलाच माल!" एकजण ओरडला. "फसवलं!"

ताई त्याच्यावरच उखडली. "इथला असणं हा गुन्हा आहे का? उत्तम शाफ्ट इथेही होतात आणि भिकार तिकडेही. पुष्कळदा घडवतात एका देशात, घासूनपुसून तयार करतात दुसऱ्या देशात आणि खोक्यावर नाव असतं तिसऱ्याचं. ओतीव की घडीव ते विचारा. पोलाद कुठलं, भट्टीत कसं तापवलं, तडे कशानं तपासले, तोल साधला का, ते विचारा. चाचणीचा अहवाल मागा. तुम्ही देश विचारत बसलात आणि यानं तुम्हाला गाणं ऐकवलं."

नादसाहेब हळूच म्हणाला, "बाई, मला हे तुम्हीच शिकवलंत."

सगळ्यांच्या नजरा ताईकडे वळल्या.

"हो, मीच. आवाज काय सांगतो ते शिकवलं. काय सांगत नाही ते शिकवायचं राहून गेलं. आणि तू विकलेला शाफ्ट तुटल्याचं कानावर आल्यावरही मी गप्प बसले. एका पोराचा पाय मोडलाय." गल्ल्यामागचा फोटो तिनं स्वतः उतरवून पिशवीत टाकला. "त्याच्याकडे आधी मी जाते. माझ्यामागून तू ये. आणि आजपासून हे शाफ्ट ओतीव म्हणून वीक."

ताई खरंच गेली. तो पोरगा तिच्याशी धड बोललाही नाही. नादसाहेब चार दिवसांनी गेला म्हणे.

भाचीनं जुनाच शाफ्ट बसवला आणि शर्यतीत शेवटून दुसरी आली. गाडी धड, पोरगी धड. मामाला आणखी काय हवं?

लोकहो, ताईनं जे दाखवलं ते खोलीभर माणसांपैकी कोणीही दाखवू शकला असता. दोन वस्तूंची जागा बदलून बघायची, एवढंच तर होतं. त्याला शिक्षण लागत नाही. चारचौघांत "थांबा, मला बघू द्या" म्हणायची हिंमत लागते, आणि ती माझ्यातही नव्हती. आधी ती आणा.

भाचीचा तो शाफ्ट आता ताईच्या वर्गात टांगलेला आहे. नवी मुलं आली की ती पहिल्या दिवशी तो वाजवते. आवाज फार गोड आहे, मुलं खूष होतात. मग ती विचारते, "यातून काय कळलं नाही, सांगा." उत्तर येईपर्यंत ती फळ्याकडे वळत नाही.