बाटलीत उरलेला एकटा नर

मी एक जुना जंत आहे. हो मित्रांनो, जंतच! नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा, पण माझं ऐकून घ्या.

माझं आयुष्य पोसमच्या जठरात गेलं. पोसम म्हणजे पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवणारा, मांजराएवढा प्राणी. फरसाठी माणसांनी त्याला ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडला आणलं आणि आमचे पूर्वज त्याच्या पोटात बसून फुकटात समुद्र ओलांडून आले. पुढे पोसमने इथली झाडं आणि पक्ष्यांची अंडी फस्त केली, तेव्हा लोक त्याच्या मागे लागले. आमच्या टेकडीवरचे सगळे पोसम मारले गेले. आम्हाला दुसरं घर नव्हतं.

मेलेल्या पोसमच्या पोटातून आमच्यातले काही जण लोअर हट शहरातल्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या बाटलीत पोचले. कोणीतरी झाकण सैल ठेवलं आणि स्पिरिट उडून गेलं. वरचे माझे भाऊबंद सुकून चिपाड झाले. तळाशी असल्यामुळे मी धड राहिलो. त्या सैल झाकणाची अजून चीड येते मला!

मग ती बाटली सुनीतीच्या हाती लागली. ही मूळची पुण्याची, पिशवीवाल्या प्राण्यांच्या जंतांची शास्त्रज्ञ. वॉलबी नावाच्या छोट्या कांगारूच्या पोटातला जंत आणि मी एकाच जातीचे, असं सगळे मानत होते. तिला ते पटत नव्हतं. आमची जात नराच्या शेपटीवरून ओळखतात आणि नातं किती जुनं ते डीएनएवरून कळतं. धड नर मी एकटाच. मी गेलो तर आमची जात होती, हेच कोणाला कळणार नव्हतं.

"अगं, सगळाच टाक ना ट्यूबमध्ये. ढीगभर डीएनए मिळेल," तिचा सहकारी देवव्रत म्हणाला.

"वेडा आहेस का? शेपटी गेली तर दाखवू काय? मधला तुकडा तेवढा घेते."

तिने पातं उचललं आणि टेबल हादरलं. भूकंप! माझी काचेची बशी कडेकडे सरकू लागली.

"सुनीती, सोड ते! खाली ये!" देवव्रत टेबलाखालून ओरडला.

ती बशी घेऊनच खाली शिरली. एका हातात टेबलाचा पाय, दुसऱ्यात मी. स्पिरिट तिच्या मनगटावरून ओघळत होतं. मी अगदी काठाशी आलो होतो. आणखी एक हिसका बसला असता तर संपलंच होतं सगळं. माझी तर पाचावर धारण बसली!

"थांब रे बाबा, थांब," ती पुटपुटत होती. हे भूकंपाला की मला, देव जाणे.

अखेर हादरे थांबले. तिने बशीत नवं स्पिरिट ओतलं आणि मला मधोमध सरकवलं. मग कापलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. वॉलबीच्या जंताचा आणि माझा पूर्वज एकच, पण आमच्या वाटा लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या. मी वेगळ्या जातीचा! सुनीती आनंदाने नाचलीच.

"मग जिवंत कुठे मिळतील हे?" देवव्रतने विचारलं.

"बहुतेक कुठेच नाहीत," ती म्हणाली. इथल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या पोसमांच्या पोटातही तिचं शोधून झालं होतं, पण एकही सापडला नव्हता.

मित्रांनो, पोसमला मारू नका असं मी म्हणत नाही. त्याने नुकसान केलंय खरं. पण कोणालाही संपवण्याआधी त्याच्या आधाराने कोण जगतंय, एवढं तरी बघा. आता मला नाव मिळणार आहे. माझं बारसं होईल, पण त्याला माझ्या घरचं कोणीच नसेल.